कव्हरवर नाव ट्रॉम्बोनवाल्याचं, मग तो इतका गप्प का?

‘अमुक ट्रॉम्बोनवादकाचा बँडलीडर म्हणून पहिला अल्बम’ असं कुठे वाचलं की शास्त्रीय संगीतावर कान पोसलेला माणूस दोन ठिकाणी अडखळतो. हा गृहस्थ इतकी वर्षं वाजवतोय, कितीतरी रेकॉर्डवर त्याचं नाव आहे, मग ‘पहिला’ अल्बम आता कसा? आणि उत्सुकतेने तो अल्बम लावावा, तर बराच वेळ ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच बोलत राहतात. कव्हरवर ज्याचं नाव, तो मागे कुठेतरी एक लांब स्वर धरून उभा.

यातली दुसरी अडचण जास्त खरी, कारण ती आपल्या सवयीतून येते. नाशिकच्या पिंपळपारावरची पाडवा पहाट आठवा. जाहिरातीत ज्यांचं नाव, ते मधोमध बसतात. तबला आणि पेटी दोन बाजूंना. अधूनमधून तबलजींना दोन-चार आवर्तनं मोकळी मिळतात, टाळ्या पडतात, की पुन्हा गाणं सुरू. मैफल कोणाची, हे पार मागे उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. जाझच्या अल्बमवरचं नाव मात्र ‘सगळ्यांत जास्त कोण वाजवतं’ हे सांगत नाही. ‘सगळं कोणी ठरवलं’ हे सांगतं.

जाझमध्ये साइडमन म्हणजे बोलावलेला वादक. ठरल्या वेळी यायचं, समोर ठेवलेले कागद वाचून वाजवायचं, आपल्या वाट्याचा सोलो घ्यायचा आणि मेहनताना घेऊन घरी जायचं. लीडरचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. कोणाला बोलवायचं, कोणाला नाही. पियानो हवा की नको. कोणाच्या रचना वाजवायच्या, कोणत्या लयीत. आधी सोलो कोण घेणार आणि किती लांब. रेकॉर्डची पहिली बाजू कशाने सुरू करायची. अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनच्या दरांनुसार लीडरला साइडमनच्या दुप्पट पैसे मिळत, ते काही दुप्पट वाजवण्याचे नव्हते. अल्बम फसला तर नाव कोणाचं खराब होणार, हे ठरलेलं असे, त्याचे ते पैसे.

इथे जाझच्या रचनेबद्दल एवढं माहीत असलेलं बरं. सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात, तिला ‘हेड’ म्हणतात. मग त्या धुनेची लांबी आणि तिच्यामागची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची, मांडणी पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर एकेक जण आयत्या वेळी सुचेल ते रचत जातो. अशा एका फेरीला कोरस म्हणायचं. प्रचलित कोरस 32 बारचा, एका बारमध्ये 4 मात्रा, म्हणजे एकूण 128 मात्रा. तीनतालाच्या हिशेबात आठ आवर्तनं. आपला तबला ठेका धरून आवर्तन दाखवत राहतो. तिथे हे काम मुख्यतः बास आणि ड्रम करतात आणि कॉर्ड दाखवायचं काम पियानो. सगळ्यांचे सोलो झाले की पुन्हा हेड आणि समाप्त. हा साचा नेहमीचा. चांगला लीडर तो कुठे पाळतो आणि कुठे मोडतो, यात त्याची ओळख दिसते.

आता ट्रॉम्बोनकडे वळू. नाशिकच्या मिरवणुकांवर ढोल-ताशाचं राज्य, त्यामुळे हे वाद्य जवळून पाहिलेले थोडे. लष्करी बँडच्या संचलनात ते नीट दिसतं. असे बँड ट्रॉम्बोनवाल्यांना बहुधा पहिल्या रांगेत चालवतात, आणि त्यामागे मान-सन्मान वगैरे काही नाही. पुढे-मागे सरकणारी नळी समोरच्याच्या पाठीत लागू नये, एवढाच हेतू. न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीवर बसून गावभर वाजवत फिरत, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर, म्हणजे टेलगेटवर, बसवत, तेही याच कारणाने. त्याच्या वाजवण्याच्या त्या शैलीला पुढे ‘टेलगेट’ हेच नाव पडलं.

ट्रम्पेटला तीन कळा असतात. बोट दाबलं की आतली नळी लांब होते आणि स्वर उतरतो. ट्रॉम्बोनला कळा नाहीत. वाद्याची नळी सरळ केली तर जवळपास पावणेतीन मीटर भरेल, आणि स्लाइड पुढे ढकलून वादक ती आणखी लांब करतो. स्लाइडच्या सात पोझिशन. प्रत्येक पोझिशनला स्वर अर्ध्या सुराने खाली. पण या सात जागा सारख्या अंतरावर नाहीत. पहिली ते दुसरी सुमारे आठ सेंटिमीटर, तर सहावी ते सातवी अकराच्या आसपास, कारण नळी लांब होत गेली की तेवढाच सुराचा फरक पाडायला जास्त लांबी लागते. स्लाइडवर खुणा नसतात. हात आणि कान मिळून जागा शोधतात. एकाच पोझिशनवर ओठांचा ताण बदलून वरचे वेगवेगळे स्वर काढायचे, हे वेगळंच.

सतारीची किंवा गळ्याची मींड आवडणाऱ्याला हे वाद्य पहिल्या भेटीतच आपलं वाटावं. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं ट्रम्पेटला कष्टाने जमतं, ट्रॉम्बोनला ते आपसूक येतं. पण हीच त्याची पंचाईतही. फुंक चालू ठेवून हात हलवला की मींड होणारच, हवी असो वा नसो. सुटे, टपोरे स्वर हवे असतील तर प्रत्येक स्वराला जिभेचा ठोका द्यायचा आणि त्याच क्षणी हात अचूक जागी पोचलेला हवा. जिथे सेकंदाला आठ-दहा स्वर वाजतात तिथे हे म्हणजे शिक्षाच.

जाझच्या इतिहासात ट्रॉम्बोनवाले लीडर नव्हते असं नाही. उलट, न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय जाझ बँडचं जे अगदी सुरुवातीचं रेकॉर्डिंग 1922 मध्ये लॉस एंजेलिसला झालं, त्या बँडचा प्रमुख किड ओरी ट्रॉम्बोनच वाजवायचा. तीसच्या दशकात टॉमी डॉर्सी आणि ग्लेन मिलर या दोन ट्रॉम्बोनवाल्यांचे मोठे ऑर्केस्ट्रा अमेरिकाभर गाजत होते. खरी अडचण चाळीसच्या दशकात आली. बीबॉप नावाचं नवं जाझ आलं, छोट्या बँडचं, भन्नाट लयीचं, वाकड्यातिकड्या सुरावटींचं. चार्ली पार्करचा सॅक्सोफोन आणि डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट ज्या वेगाने धावत होते, त्या वेगाला ट्रॉम्बोनची स्लाइड पुरी पडेना. वाद्य मागच्या रांगेत गेलं.

त्याला पुढे आणलं इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सनने. मींड, गुरगुर, घसरण हा सगळा जुना शृंगार त्याने बाजूला ठेवला आणि बीबॉपच्या वेगात एकेक स्वर सुटा वाजवून दाखवला. हा स्लाइडऐवजी कळांचा ट्रॉम्बोन वाजवत असणार, असं त्याची रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना वाटे. 1946 मध्ये त्याने लीडर म्हणून पहिलं रेकॉर्डिंग केलं, पियानोवर बड पॉवेल आणि ड्रमवर मॅक्स रोच. पुढची पिढी त्याच्या सावलीतच वाढली. कर्टिस फुलर 1957 च्या वसंतात न्यूयॉर्कला आला आणि मे महिन्यात त्याचा लीडर म्हणून पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झालाही. सप्टेंबरात तो सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ या अल्बमवर साइडमन होता. म्हणजे ‘आधी साइडमन, मग लीडर’ ही काही एकेरी चढण नाही. माणसं या दोन खुर्च्यांमध्ये सारखी ये-जा करतात.

मेल्बा लिस्टनला वगळून पुढे जाणं बरं नाही. गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारी ही बाई, इतरांसाठी अरेंजमेंट लिहिण्यात हयात घालवलेली. 1958 च्या डिसेंबरात तिला स्वतःच्या नावावर अल्बम करायची संधी मिळाली, तेव्हा तिने काय केलं? आपल्याशेजारी आणखी ट्रॉम्बोनवालेच उभे केले. एरवी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जी जागा अडवतात ती सगळी ट्रॉम्बोनना. लीडर म्हणून तिच्या एकटीच्या नावावर तेवढा एकच अल्बम राहिला. मला हा निर्णय फार आवडतो. एकच संधी, आणि ती एकटीने न वापरता सगळ्या मागच्या रांगेला पुढे बोलवायचं.

पण ‘लीडर म्हणून पहिला अल्बम’ म्हणजे काय, हे एकाच उदाहरणावरून समजून घ्यायचं असेल तर मी ग्रेशन मॉन्करचा ‘इव्होल्यूशन’ निवडेन.

मॉन्कर 1937 चा. जन्म न्यूयॉर्कचा, वाढला शेजारच्या न्यूअर्कमध्ये. वडील बास वाजवत, ते ग्रेशन मॉन्कर दुसरे, म्हणून रेकॉर्डवर याच्या नावापुढे ‘तिसरा’ लागतं. रे चार्ल्सच्या बँडमध्ये आणि आर्ट फार्मर-बेनी गोल्सन यांच्या जाझटेटमध्ये त्याने उमेदवारी केली. 1963 मध्ये तो अल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॅकी मॅक्लीनच्या बँडमध्ये होता. मॅक्लीन त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचा जुना कलाकार. त्या वर्षी एप्रिलमध्ये मॅक्लीनने ‘वन स्टेप बियाँड’ ध्वनिमुद्रित केला, त्यातल्या चारपैकी दोन रचना मॉन्करच्या. सप्टेंबरात ‘डेस्टिनेशन आउट’, त्यात चारपैकी तीन मॉन्करच्या. कव्हरवर नाव मॅक्लीनचं, पण आतल्या घराचा नकाशा हळूहळू कोण काढत होतं ते या आकड्यांत दिसतं.

21 नोव्हेंबर 1963, गुरुवार. न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत मॉन्करचं स्वतःचं सेशन झालं. या वेळी चारही रचना त्याच्या.

आता त्याने कोणाकोणाला बोलावलं ते बघा, कारण अर्धा अल्बम इथेच ठरतो. अल्टो सॅक्सोफोनवर मॅक्लीन, म्हणजे कालचा मालक आज साइडमन. व्हायब्रफोनवर बावीस वर्षांचा बॉबी हचरसन, बासवर बॉब क्रॅनशॉ, ड्रमवर टोनी विल्यम्स. विल्यम्सला अठरा पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते, पण तो त्या मेपासून ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता. यातले हचरसन आणि विल्यम्स मॅक्लीनच्या वर्तुळातलेच, एकमेकांना ओळखणारे. सहावा माणूस वेगळ्या वळणाचा होता: ट्रम्पेटवर ली मॉर्गन. मॉर्गन म्हणजे तेव्हाच्या हार्ड बॉपचा, बीबॉपमधूनच निघालेल्या त्या शैलीचा, लाडका, ठसकेबाज, ब्लूजमध्ये मुरलेला वादक. महिनाभरातच, 21 डिसेंबरला, तो ‘द साइडवाइंडर’ रेकॉर्ड करणार होता, जो ब्लू नोटच्या सगळ्यांत खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. अशा माणसाला आपल्या अनवट, तुटक, ताणलेल्या संगीतात आणून बसवणं हा जुगार होता. तो लागला. मॉर्गनचा ट्रम्पेट या अनोळखी प्रदेशातही आपली ऐट सोडत नाही, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला धरायला एक हात मिळतो.

या यादीत पियानो नाही. ही मॉन्करची, आणि त्याच्याआधी मॅक्लीनची, सगळ्यांत मोठी निवड. पियानो दोन्ही हातांनी कॉर्ड भरत राहतो. सोलो घेणाऱ्याला त्यातून आधार मिळतो, पण कुंपणही पडतं. व्हायब्रफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, जलतरंगाच्या जवळपासचा नाद. हचरसन चार काठ्यांनी त्यावर कॉर्ड वाजवू शकतो, पण त्या कॉर्ड हवेत लटकतात आणि विरून जातात. आजूबाजूला मोकळी जागा उरते. ट्रॉम्बोनसारख्या भरीव, खालच्या पट्टीतल्या आवाजाला अशा मोकळ्या जागेत स्वच्छ ऐकू येता येतं. आजारपणातल्या थर्मामीटरसारखा थंड, चकाकणारा तो नाद पहिल्या मिनिटापासून सगळ्या अल्बमवर पसरलेला आहे.

अल्बम उघडतो ‘एअर रेड’ने. आधी ताण, जवळजवळ लय नसलेला, काहीतरी येऊ घातलंय अशी चाहूल. मग एकदम वेग, आणि पुन्हा ताण. साचा मोडायचा तो पहिल्याच तुकड्यात, ऐकणारा सावध होण्याआधी. दुसरी रचना, ‘इव्होल्यूशन’, बारा मिनिटांहून लांब आणि फार संथ. हॉर्नवाले, म्हणजे फुंकून वाजवणारे तिघे, स्वर धरून ठेवतात आणि त्या ताणलेल्या स्वरांच्या पुढे एकेक सोलो उलगडतो. आलाप ऐकायची सवय असलेल्यांना इथे घाई होणार नाही. अमेरिकी श्रोत्यांना मात्र 1964 मध्ये ही रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा पायाने ताल धरायला काहीच मिळालं नसेल. दुसऱ्या बाजूला ‘द कोस्टर’ आणि ‘मॉंक इन वंडरलँड’. या दोन्ही त्या मानाने चालत्या-बोलत्या, आणि शेवटची थेलोनियस मॉंक या पियानोवादकाला मान देणारी, खोडकर, कोपरे असलेली धून. क्रमही लीडरचाच. आधी अवघड डोस, मग हसू. उलट लावलं असतं तर हा वेगळाच अल्बम झाला असता.

दुसऱ्या दिवशी, 22 तारखेला, केनेडींची हत्या झाली. हे माहीत असलं की ‘इव्होल्यूशन’च्या त्या संथ काळोखात शोक ऐकू यायला लागतो. पण टेप आदल्या दिवशीच तयार होती. तारखा कानाला किती फसवतात याचा हा नमुना. जाता जाता सांगतो, त्याच मोसमात ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात येऊन मुंबईत वाजवून गेला होता, लॉरेन्स ब्राउनचा मखमली ट्रॉम्बोन त्यात होता. तो दौरा पुढे तुर्कस्तानात असताना हत्येच्या बातमीने थांबला.

आणि मॉन्कर स्वतः? तो कमी वाजवतो. जॉन्सनचा वेग त्याला येत नव्हता म्हणून नव्हे. तो दोन-तीन स्वरांचा एक तुकडा घेतो, थांबतो, तोच तुकडा थोडा वाकवून पुन्हा ठेवतो. एखादी जागा वारंवार घेऊन तिचे पदर उलगडणारा ख्यालगायक जे करतो, त्याच वळणाचं हे काम. बीबॉपने ट्रॉम्बोनसमोर ठेवलेल्या वेगाच्या परीक्षेला तो बसतच नाही. स्वतःचा अल्बम असला की हे करता येतं. दुसऱ्याच्या बँडमध्ये प्रश्नपत्रिका दुसऱ्याची असते.

ब्लू नोट ही कंपनी आल्फ्रेड लायनने 1939 मध्ये सुरू केली, आणि तिची एक चाल इथे महत्त्वाची. रेकॉर्डिंगआधीच्या तालमीचेही पैसे ती वादकांना द्यायची. त्या काळी बऱ्याच छोट्या कंपन्या वादकांना थेट स्टुडिओत बोलावत, मग सगळ्यांना पाठ असलेल्या धुनाच वाजवल्या जात. मॉन्करसारख्या वेड्यावाकड्या रचना तालमीशिवाय उभ्याच राहिल्या नसत्या. शिवाय व्हॅन गेल्डर त्या वेळी थेट दोन ट्रॅकच्या टेपवर मुद्रण करायचा. आज जसं प्रत्येक वाद्य वेगळं धरून नंतर कमी-जास्त करता येतं, तसं नव्हतं. कोण किती मोठ्याने, कोण कोणाच्या मागे, हे सगळे जण एकाच खोलीत वाजवत असतानाच ठरे. म्हणजे लीडरला आपले निर्णय आधी घ्यावे लागत. नंतर दुरुस्तीला जागा जवळजवळ नव्हतीच.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. स्वतःच्या रचना वाजवल्या की वादनाच्या पैशाखेरीज रचनेच्या हक्कांचेही पैसे येतात, आणि ते नंतर वर्षानुवर्षं येत राहू शकतात, निदान कागदोपत्री. चार धुना लोकांच्या आणि चार स्वतःच्या यात फरक फक्त कलेचा नसतो. पहिल्याच अल्बमवर सगळ्या रचना आपल्या ठेवणारा माणूस आपण कोण आहोत हे सांगत असतोच, शिवाय घरभाड्याचाही विचार करत असतो.

ऐकायचं कसं? मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बास नाहीसाच होतो आणि मग बाकीचे कशावर उभे आहेत ते कळत नाही. साधे इयरफोन पुरतात. अल्बम चाळीसेक मिनिटांचा. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसलात तर साधारण इगतपुरी येईपर्यंत संपतो, घाट लागायच्या आत. पहिल्या खेपेला ट्रॉम्बोन शोधू नका. क्रॅनशॉचा बास धरा, तो फारसा नखरा न करता जमीन राखतो. दुसऱ्या खेपेला विल्यम्सचं झांजेवरचं काम ऐका. ठेका देण्याऐवजी तो बोलणाऱ्याला मधेच अडवतो, डिवचतो. सतरा वर्षांचा पोरगा हे करतोय आणि लीडर त्याला करू देतोय. मग मॉन्करचे सोलो, आणि त्यांच्याइतकंच मॉन्कर जिथे वाजवत नाही ती ठिकाणं: मॉर्गन किंवा मॅक्लीनचा सोलो चालू असताना मागे हॉर्न येतात की नाही, कधी येतात, कधी मुद्दाम येत नाहीत. हे सगळं कोणीतरी आधी ठरवलेलं आहे.

ब्लू नोटसाठी मॉन्करने लीडर म्हणून दोनच अल्बम केले. दुसरा, ‘सम अदर स्टफ’, जुलै 1964 मधला. पहिल्या अल्बमवरच्या वादकांपैकी त्यात फक्त टोनी विल्यम्स आहे. मॅक्लीनच्या जागी टेनर सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, बासवर सेसिल मॅक्बी. ट्रम्पेट नाही, व्हायब्रफोनही नाही. पियानो मात्र आहे, आणि तो वाजवतोय हर्बी हॅनकॉक.